पणजीची कहाणी, मिशिगनच्या पणतीची कादंबरी

आपल्याकडे चौदा-पंधराव्या वर्षी 'स्वामी' किंवा 'श्रीमान योगी' हातात पडते आणि मूल झपाटून जाते. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना घरात मराठी बोलता येते, पण अशी जाडजूड कादंबरी वाचणे बहुतेकांना झेपत नाही. मग इतिहासाचे ते वेड त्यांना लागावे कुठून?

न्यू जर्सीत आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला ते 'अहिंसा'मुळे लागले. सुप्रिया केळकर यांची ही इंग्रजी कादंबरी 'ली अँड लो' या प्रकाशनसंस्थेने २०१७ मध्ये काढली. त्याआधी २०१५ मध्ये तिच्या हस्तलिखिताला याच संस्थेचा नवोदितांसाठीचा पुरस्कार मिळाला होता. केळकर अमेरिकेत, मिशिगनमध्ये वाढल्या. 'लगे रहो मुन्नाभाई'च्या लेखनचमूतही त्या होत्या.

या कादंबरीमागची प्रेरणा त्यांच्या घरातलीच: पणजी अनसूयाबाई काळे. १९३७ मध्ये त्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती झाल्या. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही निवडणुकांत नागपूरने त्यांना लोकसभेवर पाठवले. एवढे कर्तृत्व असूनही आज नागपुराबाहेर त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

कादंबरीतली अंजली दहा वर्षांची आहे. साल १९४२. घरटी एकाने स्वातंत्र्यलढ्यात उतरावे, असे आवाहन गांधीजी करतात. वडील जाणार या भीतीने अंजली गळाठून जाते; प्रत्यक्षात लढ्यात उतरते ती आई. मग आवडीचे परदेशी कपडे सोडून खादी अंगावर येते. आई दलित वस्तीत जाऊ लागते, तिथल्या मुलांनी शाळेत यावे म्हणून धडपडते. अंजलीच्या मनात मुरलेली शिवाशिव सहजासहजी सुटत नाही. पुढे आईला तुरुंगवास होतो आणि तिचे अर्धे राहिलेले काम मुलीच्या अंगावर पडते.

भाचीने पुस्तकाच्या कडेकडेने पेन्सिलीने प्रश्न लिहून ठेवलेत. सर्वांत जास्त खुणा मोहन या दलित मुलाच्या प्रसंगांपाशी आहेत. 'हरिजन' या शब्दाचा विषय निघतो तिथे तिने लिहिलेय, "त्यांचं नाव त्यांना न विचारता का ठरवलं?" मला फोन करून म्हणाली, "मावशी, अंजलीची आई चांगलीच आहे गं, पण तिलाही कितीतरी गोष्टी कळत नाहीत!" मला हे फार मोलाचे वाटते. ऐतिहासिक कादंबरी वाचून मुले अनेकदा नुसती भक्त होतात. इथे गांधीजींच्या विचारांबरोबर डॉ. आंबेडकरांचे आक्षेपही येतात, आणि तेरा वर्षांची मुलगी दोन्ही बाजू तोलून पाहते.

तिच्या शाळेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी दरवर्षी शिकवतात. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने ते १९५९ मध्ये महिनाभर भारतात फिरले होते, हे तिला या कादंबरीच्या निमित्ताने शोधाशोध करताना कळले. लगोलग तिने वीरा हिरानंदानी यांची 'द नाइट डायरी' वाचून काढली. फाळणीत मीरपूर खासहून निघालेली बारा वर्षांची निशा आपल्या दिवंगत आईला पत्रे लिहिते, अशी तिची मांडणी. २०१९ मध्ये ती न्यूबेरी या अमेरिकी बालसाहित्य पुरस्काराच्या सन्मानप्राप्त पुस्तकांत होती. केळकरांचीच, १८५७ च्या पार्श्वभूमीवरची २०२१ मधली कादंबरी आता तिच्या यादीत पुढची आहे.

आणि तिने आजीला विचारले, "४२ साली आपल्या घरात कोण काय करत होतं?" तेव्हापासून दर रविवारी दोघींचे फोनवर बोलणे चालते. आजीला आठवेल ते ती वहीत उतरवून घेते.

अमेरिकेतल्या मराठी आई-बापांना माझे एवढेच सांगणे आहे: ही पुस्तके मुलांच्या हाती द्या आणि स्वतःही वाचा. आणि तिथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या तरुण लेखकांना विनंती की आष्टी-चिमूरची हकीकत या मुलांसाठी लिहा.