‘गावचे’ कुत्रे आणि ‘गावाचे’ कुत्रे : निर्बीजीकरणाच्या खर्चाचा एक विचार

कुत्र्याच्या निर्बीजीकरणास खर्च किती येतो, हा प्रश्न वरकरणी पशुवैद्यकाचा आहे. मावळात तो वारंवार कानी पडू लागल्यावर तो तितकाच विभक्तीचाही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटू लागले. लोणावळ्याजवळील एका वाडीच्या नाक्यावर चहाची टपरी चालविणाऱ्या बाईंच्या आश्रयास एक कुत्री असे. तिचे तिसरे वेत झाल्यावर बाईंनी खर्चाची चौकशी केली. खाजगी दवाखान्यात काही हजार रुपये लागतील, असे कळताच त्या म्हणाल्या, “भाकरी मी घालते, पण कुत्री काय माझी न्हाय. गावची हाय.”

या उत्तरातील ‘गावची’ हे रूप लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत ‘गावाचा’ आणि ‘गावचा’ ही दोन्ही रूपे आहेत, आणि ती समानार्थी नाहीत. ‘गावाची सीमा’, ‘घराचे दार’ येथे सामान्यरूप होऊन खरा स्वामित्वाचा किंवा अवयवाचा संबंध व्यक्त होतो. ‘गावचा माणूस’, ‘घरचे जेवण’ येथे सामान्यरूप नाही. ‘कालचा’, ‘वरचा’ यांप्रमाणे हा प्रत्यय स्थलकालवाचक शब्दास लागून केवळ ‘तेथला’ एवढाच अर्थ देतो. तेव्हा गावचे कुत्रे म्हणजे गावात राहणारे कुत्रे. गावाच्या मालकीचे नव्हे. (पाळलेला तो ‘आमचा टायगर’, बिनमालकाचे ते ‘कुत्रे’. शस्त्रक्रियेपूर्वीच भाषेने त्याला नपुंसकलिंगात ढकललेले असते!)

या क्रियेची नावेही पाहावीत. बैलाच्या बाबतीत आपल्याकडे ‘बडवणे’, ‘ठेचणे’, ‘खच्ची करणे’ असे रोखठोक शब्द आहेत, आणि न बडवलेल्यास ‘आंडील’. ‘खच्ची’ हा मूळच्या अरबी शब्दाचा अवतार असून आता तो जनावरांपेक्षा माणसांच्या मनोधैर्यासच अधिक लावला जातो. कुत्र्यासाठी असा जुना, खास शब्द निदान लेखकाच्या ऐकण्यात नाही. बैल बडवला की तो औताला जुंपता येतो; खर्च करणारा व लाभ घेणारा एकच असतो. कुत्री वांझ केल्याचा लाभ मात्र साऱ्या आळीस मिळतो आणि पैसे एकाच्याच खिशातून जातात. ज्या कामात कोणाचा स्वार्थ नव्हता त्यास नाव पडले नाही. पुढे गरज भासली तेव्हा ‘नसबंदी’ माणसांकडून उसनी घेतली व ‘निर्बीजीकरण’ संस्कृतातून घडविले. पैकी ‘नसबंदी’ चुकीचा आहे. नस बांधली जात नाही; नराचे वृषण काढतात, आणि मादीचे बीजांडकोश व बहुधा गर्भाशयही पोट उघडून काढावे लागते. मादीचा खर्च नराहून अधिक येतो तो यामुळे.

शिवाय शस्त्रक्रियेची फी म्हणजे सारा खर्च नव्हे. मोकाट कुत्रे धरणे, वाहनातून नेणे, भूल, रेबीजची लस, टाके सुकेपर्यंत पिंजऱ्यात ठेवून खाऊ घालणे, कानाला ओळखीची खाच करणे आणि अखेरीस जेथून आणले तेथेच सोडणे, हे सारे त्यात येते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असून ती वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते. म्हणून दहा माद्यांपैकी दोघींवरच पैसे खर्चून थांबले, तर उरलेल्या आठजणी ती तूट भरून काढतात. लोणावळ्यात तर पावसाळी पर्यटकांचे उष्टे आणि बंगल्यांमागचा कचरा यांवर पिल्ले सहज जगतात. अर्धवट खर्च हा येथे सर्वांत महाग खर्च होय.

कायद्याची भाषा या बाबतीत बदलत गेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याखालील २००१ च्या श्वान-नियमांत कुत्र्यांचे ‘पाळीव’ आणि ‘रस्त्यावरील’ असे दोनच वर्ग होते. २०२३ च्या नियमांनी दुसऱ्या वर्गास ‘समुदायाच्या मालकीचे’ म्हटले. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर कायद्याने ‘गावचे’चे ‘गावाचे’ केले. पाळीव कुत्र्याचा भार मालकावर, रस्त्यावरच्याचा स्थानिक संस्थेवर. २०२५ मध्ये केंद्राने सुधारित योजनेत दर कुत्र्यामागे ८०० रुपये साहाय्य जाहीर केले. खाजगी दराशी ताडून पाहता ते तोकडे आहे. त्यातच असे केंद्र चालविण्यास प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते, आणि त्यासाठी शस्त्रक्रियागृह, पिंजरे, प्रशिक्षित पशुवैद्य हवेत. लोणावळा वा तळेगाव दाभाडे येथील नगरपरिषदांना हे निदान कल्पनेत आणता येते. पवन मावळातील चार वाड्यांच्या ग्रामपंचायतीने ते एकटीने उभारावे, ही अपेक्षा लेखकास अवास्तव वाटते. अनेक ग्रामपंचायतींनी मिळून एका केंद्राचा खर्च वाटून घेणे अधिक शक्य कोटीतले आहे.

टपरीवरील कुत्रीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. शेजारच्या चार घरांनी व दोन बंगल्यांच्या राखणदारांनी वर्गणी काढली. दवाखान्यातील अर्जावर ‘मालकाचे नाव’ असा रकाना होता. बाईंनी बराच वेळ विचार करून तेथे वाडीचे नाव घालावयास सांगितले. कारकुनाने ते मान्य केले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचे घातले. टाके सुकेपर्यंत कुत्री टपरीमागे, बांधून ठेवलेली होती.