गिनीपिगांतला थोरला कोण?

अंगणात मूठभर दाणे टाकले की कोंबड्या धावत येतात. त्यांत एक ठरलेली कोंबडी आधी टोच मारते, बाकीच्या तिला वाट देतात, आणि एखादी बिचारी सगळ्यांच्या टोची खाऊन कडेला उभी राहते. ही काही त्या दिवसापुरती भांडाभांड नव्हे. क्रम आधीच ठरलेला असतो. नॉर्वेमधील थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकाने कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणती निमूट सोसते हे वर्षानुवर्षे टिपून ठेवले आणि १९२२ साली शास्त्रज्ञांपुढे मांडले. आज आपल्याला ज्या प्राण्याविषयी बोलायचे आहे त्याला चोच नाही, पण त्याच्यातही असाच क्रम आहे. तो प्राणी म्हणजे गिनीपिग.

नाव गिनीपिग, पण हा ना गिनी देशातला, ना डुकराच्या जातीचा. हा उंदरा-खारीप्रमाणे कुरतडणारा प्राणी. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा मुलूख. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांतले शेतकरी हजारो वर्षांपासून त्याला मांसासाठी पाळीत आले आहेत. आपल्याकडे कोंबड्या जशा परसात, तसे तिकडे हे प्राणी चुलीच्या आसपास वावरतात आणि भाजीच्या देठांवर, गवतावर वाढतात. सोळाव्या शतकात ते युरोपात पोहोचले, पुढे प्रयोगशाळांत गेले, आणि आता शहरांत मुलांचे लाडके झाले आहेत. आपल्या मुलांनाही ते आवडतात आणि काही शाळांतून पिंजऱ्यात दिसतात.

तिकडच्या पाळणाऱ्यांची रीत अशी की, सात-आठ माद्यांमागे एकच नर ठेवायचा. दोन नर एका कळपात नकोत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. हौसेखातर पाळणाऱ्याची अडचण मात्र वेगळी. नर-मादी ठेवली तर साधारण ६८ दिवसांत पिले होतात आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मग दोन नरच बरे, असे तो ठरवितो. त्यात चूक काही नाही. हा प्राणी एकटा ठेवणे त्याहून वाईट. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटा गिनीपिग पाळण्यास कायद्यानेच मनाई आहे. पण दोन नर ठेवायचे तर त्यांची भाषा आपल्याला कळली पाहिजे.

ती भाषा बरीचशी अंगाची आहे. थोरलेपण सांगणारा नर अंग फुगवितो, कंबर डावी-उजवीकडे हलवितो आणि घुर्र घुर्र असा आवाज काढीत दुसऱ्याभोवती सावकाश फेऱ्या घालतो. जणू गावच्या पाटलाची चालच! मधूनच बूड जमिनीला घासून आपला वास तिथे ठेवतो. दुसऱ्याच्या मागे लागतो, त्याच्या पाठीवर चढतो. हे पाहून पुष्कळ लोक गोंधळतात आणि एकाला मादी समजतात. तसे काही नसते. पाठीवर चढणे हे इथे वरचढपणा दाखविणे आहे. कधी दोघे नाकासमोर नाक आणून माना उंच उंच करितात. ज्याची मान आधी खाली येते त्याने हार मानली. खालचा पुष्कळदा मोठ्याने किंचाळतो. ती किंकाळी ऐकून घरातले धावत येतात. वस्तुतः तिचा अर्थ बहुधा एवढाच असतो : मी मानले, आता सोड. अंगावर जखम नसेल आणि खालचा खातपीत असेल, तर आपण हात घालू नये. मध्येच एकाला बाहेर काढले की ठरत आलेला क्रम मोडतो आणि परत आत सोडल्यावर सगळे पहिल्यापासून सुरू होते.

आता दुसरी बाजू. दात कडकडा वाजवणे हा पहिला इशारा. मानेवरचे केस पिंजारणे, जांभई द्यावी तसे तोंड उघडून दात दाखविणे, हा दुसरा. यानंतरही कोणी मागे हटले नाही तर झेप येते, चावा येतो, आणि दोघांचा एकच गोळा होऊन तो पिंजऱ्यात गडगडतो. रक्त दिसले की मात्र थांबून बघत राहायचे नाही. उघडा हात मध्ये घालू नका, नाहीतर तोच चावा आपल्या बोटाला बसेल. जाड टॉवेल टाका किंवा मध्ये पुठ्ठा सरकवा. या दातांची जखम वरून लहान दिसते, पण कातडीखाली पू धरतो. म्हणून पशुवैद्याला दाखवावे.

भांडणे वाढतात ती वयाप्रमाणे. पिले लहान असताना सगळे गोडीगुलाबीचे असते. तीन महिन्यांचे झाले की नर अंगात येतात, आणि पुढचे काही महिने कसोटीचे. जर्मनीत नॉर्बर्ट साख्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वयाचा बारकाईने अभ्यास केला, तो शिक्षकमंडळींनी ऐकण्याजोगा आहे. जे नर थोरामोठ्यांच्या कळपात वाढले होते, ते अनोळखी नरापुढे सोडले तरी फारसे भांडले नाहीत; थोड्याच वेळात कोण वर, कोण खाली हे ठरवून मोकळे झाले. जे इतर नरांपासून दूर वाढले होते, त्यांनी मात्र तुटून पडून मारामारी केली. हरलेल्याच्या रक्तात ताणाचे द्रव्य भरमसाट वाढले, वजन घटले, आणि काही तर जखम नसतानाही दगावले. कळपातल्या थोरल्यांनी तरण्यांना दटावलेले असते. कधी पुढे जायचे आणि कधी मान खाली घालायची, हे ते त्या दटावणीतूनच शिकतात. म्हणून दोन तरणे नर एकत्र आणण्यापेक्षा एक प्रौढ आणि एक पिलू, ही जोडी माझ्या मते अधिक भरवशाची.

जागा मात्र ऐसपैस हवी. पाठलाग झाला तर खालच्याला पळून जाता आले पाहिजे. खाण्याच्या ताटल्या दोन, पाण्याची भांडी दोन, लपायच्या खोप्याही दोन. आणि प्रत्येक खोपीला दोन दारे, नाहीतर थोरला दारात बसून धाकट्याला आत कोंडतो. जवळपास मादी नसावी. तिच्या नुसत्या वासानेही जुळलेली जोडी बिघडते. तिसरा नर आणण्याचा मोह तर टाळावाच. नवी जोडी जमवताना दोघांनाही परक्या असलेल्या जागी, समोर हिरवा चारा भरपूर टाकून सोडावे.

खरा धोका पुष्कळदा आवाज न करता येतो. थोरला धाकट्याला ताटलीजवळ येऊ देत नाही, आणि धाकटा उपाशी राहतो. या प्राण्याला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. ते रोज बाहेरून मिळावे लागते. कोथिंबीर, ढोबळी मिरची, पेरूची लहानशी फोड यांतून ते मिळते. (पेरू देशातल्या प्राण्याला पेरू! आपल्या भाषेचीच ही गंमत.) ते वाट्याला आले नाही तर सांधे दुखू लागतात, हिरड्यांतून रक्त येते, केस रखरखीत होतात. म्हणून हिरवा चारा एका जागी न टाकता चार ठिकाणी पसरावा, आणि आठवड्यातून एकदा दोघांनाही तराजूत तोलावे. शाळेत हे काम मुलांवर सोपवावे : तारीख, वजन, आणि त्या दिवशी कोण कोणाला हटले, एवढेच वहीत लिहावयाचे. प्रौढ नराचे वजन साधारण एक किलोच्या आसपास भरते. एकाचे वजन टिकून आहे आणि दुसऱ्याचे ओळीने दोन-तीन आठवडे उतरते आहे असे दिसले, तर रक्त दिसण्याची वाट न पाहता मध्ये जाळी बसवावी. जाळीपलीकडून त्यांना एकमेकांचा वास येतो, आवाज येतो, सोबत राहते. आणि धाकट्याला आपल्या वाटणीचे निवांत खाता येते.