सर्दीची गोळी आणि खेळाडू

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या धानपट्ट्यातील गावांत थंडीचे दिवस हे मळणीचे, सर्दी-पडशाचे आणि क्रीडास्पर्धांचेही असतात. नाक चोंदले म्हणून दुकानातून आणलेली गोळी खेळाडूच्या कामगिरीवर कोणता परिणाम करते, हे शिक्षक व पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

नाक मोकळे करणाऱ्या औषधांपैकी स्यूडोएफेड्रिन हे एक प्रमुख औषध होय. त्याने नाकातील फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व श्वास मोकळा होतो. परंतु हा परिणाम नाकापुरता मर्यादित राहत नाही. हृदय व इतर रक्तवाहिन्यांवरही तो होतो. नेहमीच्या ६० मिलिग्रॅम मात्रेने वेग वा दम वाढल्याचे प्रयोगांत सामान्यतः आढळलेले नाही. मोठ्या मात्रेने काही प्रयोगांत अल्प लाभ दिसला, काहींत तोही नाही. छातीतील धडधड, रक्तदाबवाढ व निद्रानाश यांचा धोका मात्र मात्रेबरोबर वाढतो.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची १६ वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेआ राडुकान हिने संघाच्या डॉक्टरांनी दिलेली सर्दीची गोळी घेतली आणि वैयक्तिक सुवर्णपदक गमावले. २००४ मध्ये हे औषध प्रतिबंधित यादीतून वगळण्यात आले. २०१० पासून ते पुन्हा यादीत आहे. स्पर्धाकाळात लघवीच्या प्रत्येक मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅमहून अधिक प्रमाण आढळल्यास खेळाडू दोषी ठरू शकतो. भारतात २००५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था, ‘नाडा’, अशा चाचण्या घेते.

आपल्याकडील अनेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असते. त्यावर बंदी नाही. परंतु पोटात घेतल्यास नाक मोकळे करण्याचा त्याचा गुणच संशयास्पद ठरला आहे. सोबतच्या क्लोरफेनिरामिनमुळे गुंगी येते. म्हणजे दम वाढावा म्हणून घेतलेली गोळी धावपटूला मंदच करण्याची शक्यता अधिक.

यास्तव वेष्टनावरील घटक वाचल्याविना व प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारल्याविना खेळाडूस गोळी देऊ नये. साध्या सर्दीत वाफ, मिठाच्या पाण्याचे थेंब व विश्रांती यांनी आराम पडतो. ताप असल्यास मात्र विद्यार्थ्यास मैदानात उतरवू नये. एक स्पर्धा हुकली तरी चालेल. मुलाचे आरोग्य त्याहून मोलाचे आहे.