पहिली मजुरी किती होती?



या महिन्यात सास्तूर आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या बैठकांत आम्ही एकच प्रश्न फिरवला. तुमच्या हातात आलेली पहिली मजुरी किती होती? उत्तर प्रत्येकीला तोंडपाठ होतं. सत्तरी ओलांडलेल्या एका आजीनं सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, दिवसाला दोन रुपये आणि वर सुकडी. दुसरी म्हणाली, "सुगीला गेले, पैसा कुठला, पदरात ज्वारी पडली." 1993 च्या भूकंपानंतर घरांच्या बांधकामावर वाळू वाहिलेल्या एका ताईला रोज तीस रुपये मिळाले, तिथंच गड्याला पंचेचाळीस. आमच्यातल्या तिशीतल्या, बी.ए. झालेल्यांचं पहिलं मानधन महिन्याला हजार रुपये होतं, तेही तीन महिन्यांनी हातात पडलं. दिवसाचा हिशेब केला तर तेहतीस रुपये.

किती मिळाले ते सगळ्यांनी सांगितलं. किती मिळायला पाहिजे होते, हे मात्र एकीलाही कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. आज त्याचंच बोलू.

मजुरीला खालची एक हद्द असावी, त्याच्याखाली कुणी देऊ नये, हा विचार कायद्यात पहिल्यांदा न्यूझीलंड देशात 1894 साली आला. आपल्याकडे किमान वेतन कायदा झाला 1948 साली. त्यात शेतीचं कामही धरलेलं होतं. सरकारनं कामानुसार दर ठरवायचे आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी ते पुन्हा तपासायचे, असं त्यात लिहिलं. पुढे संसदेनं 2019 मध्ये वेतन संहिता मंजूर केली, तिच्यातही किमान वेतन आहेच.

पण हा आकडा काढायचा कशावरून? 1957 साली भारतीय श्रम परिषदेनं त्याचं माप सांगितलं. कमावणारा एक आणि खाणारे तीन "घटक" धरायचे. एका घटकाला दिवसाला 2,700 उष्मांकांचं अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. मुलांचं शिक्षण आणि दवाखाना यात नव्हता. त्यासाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली सांगितलं.

आता हे तीन घटक कसे झाले, ते ऐका. पुरुष एक, बायको शून्य पूर्णांक आठ, दोन लेकरं प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. बाईची कमाई तर हिशेबात धरायचीच नाही, असं ठरलं. आपल्या भागात कितीतरी घरं बाईच्या रोजावर चालतात. घरधनी गेलेली, टाकून दिलेली, नवरा उसाच्या टोळीत गेलेली अशी एकटी बाई घर ओढते, तिथं कमावणारीही तीच आणि चूल पेटवणारीही तीच. म्हणून बाईचा रोज म्हणजे वरखर्चाचा पैसा, हे कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

कायदा कागदावर असताना मजुरीला खरा धक्का दिला तो रोजगार हमीनं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला होता. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर 1975 पासून व्यवसाय कर बसला. म्हणजे मुंबईतल्या पगारातून आपल्या पाझर तलावाची मजुरी निघू लागली. त्या कामांवर बाया लोटल्या, कारण तिथं माती मोजून पैसे होते, बाई-गडी असा वेगळा दर नव्हता. 1988 साली हमीचा दर किमान वेतनाला जोडला गेला आणि मजुरी एकदम दुप्पट झाली.

दुष्काळी काम म्हणजे उपकार, मग कमी दिले तरी चालतात का? राजस्थानात रस्त्याच्या अशाच कामावर बायांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाले. 1983 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे, मग काम सरकारचं असलं तरी. आणि समान कामाला बाई-गड्याला समान वेतन, हा कायदा 1976 साली झाला.

मग आजही आपल्या शिवारात बायांचा रोज वेगळा, गड्यांचा वेगळा का? "गडी जड काम करतो," असं उत्तर येतं. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या कंबरेला विचारा, हलकं काम कोणतं ते!

गुत्त्याच्या कामातही हिशेब मांडायला शिका. समजा, दोन एकर सोयाबीनची काढणी नऊ हजारांना घेतली. आठ जणी चार दिवस राबल्या, म्हणजे बत्तीस रोज झाले. नऊ हजार भागिले बत्तीस, एकीला साधारण 281 रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 2025-26 साठी 312 रुपये होता. मग गुत्ता घेताना गोड वाटलेला आकडा प्रत्यक्षात रोजापेक्षा कमी पडला. भाव ठरवायच्या आधी दिवस मोजा, मग आकडा बोला.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. "मी राजीखुशीनं कमी घेतले" असं कुणी लिहून घेतलं, अंगठा घेतला, तरी कायद्यात त्याला किंमत नाही. किमान वेतनाचा हक्क असा सोडून देता येत नाही.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येक गटानं तीन कामं करावीत. गटाच्या वहीत एक पान मजुरीचं ठेवा: तारीख, काम, किती तास, किती पैसे, कुणाकडं. ते रोजच्या रोज लिहा, कारण पुढं तक्रार करायची वेळ आली तर बोलण्यापेक्षा ते पान कामाला येतं. दुसरं, हमीचं काम मागताना अर्ज लेखी द्या आणि तारखेची पावती घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका. तिसरं, शेतीचा चालू किमान दर धाराशिवच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारून घ्या आणि गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. तिथं जायला एकटी कचरते, म्हणून चार-पाच जणी मिळून जा.

सुगीचा रोज ठरवायला आपल्याकडं दरसाल पारावर गडी बसतात. यंदा त्याच्या आधी आपली बैठक होऊ द्या.