हरभरा मरतो, पण कशाने?

अकोले तालुक्यात धो-धो पाऊस, पाथर्डी-जामखेडला अवर्षण; जिल्हा एकच, पण मातीतल्या बुरशींचे बळ सारखे नसते. पेरणीवेळी ओल जास्त आणि काडीकचरा न कुजलेला असेल तर स्क्लेरोशियमची मानकूज. पुढे ऊन तापून ओल तुटली की कोरडी मूळकूज. शेजाऱ्याचे ऐकून औषध आणणे इथेच फसते. सर्वांत चिवट फ्युजेरियम: पीक नसतानाही 6 वर्षांपर्यंत मातीत टिकतो. खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर तो फ्युजेरियममुळे होणारा मर रोग. या बुरशीचे 8 वंश नोंदले गेले आहेत. त्यामुळे एकीकडे तगलेले वाण दुसरीकडे बळी पडू शकते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय हे वाण मर-प्रतिकारक आहेत. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा आधी, रायझोबियम नंतर.