रान आपलं, पण बार काढायचा हक्क परवान्याचा



उसाच्या शिवारात रानडुकरांचा उपद्रव काय असतो हे आपणास नव्याने सांगायला नको. एका रात्रीत अर्धा फड लोळवून जातात. म्हणून आपल्यातले काही शेतकरी पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना बाळगून आहेत. मग कधी रिकामा वेळ मिळाला की बांधावर डबा ठेवून नेम धरून बघायचा, पोराबाळांनाही एकदोन बार काढू द्यायचे, असंही चालतं. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: "बंदूक माझी, रान माझं, विचारणारा तू कोण?" या उत्तरात कायदा किती आणि भ्रम किती, ते या लेखात पाहू.

सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे जमीन आपली. पण शस्त्र अधिनियम 1959 हा जमिनीला नव्हे, माणसाला, हत्याराला आणि कारणाला परवाना देतो. परवाना कशासाठी, कोणत्या क्षेत्रापुरता आणि काडतुसं किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी द्यावी, असं याच कायद्याचं कलम 13 सांगतं. तेच कलम पुढे .22 बोअरच्या रायफलीचा नेमबाजीच्या सरावासाठी उल्लेख करतं, पण तो परवानाप्राप्त वा मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदासाठी. म्हणजे डुकरासाठी घेतलेली बंदूक नेमबाजीच्या हौसेसाठी वापरणं ही वेगळी बाब झाली. परवान्याची अट मोडली तर कलम 30 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका म्हणजे कलम 17 खाली परवानाच रद्द होऊ शकतो. आपल्या परवान्यात काय बसतं याची शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावं. चावडीवरच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नये.

पुतण्याच्या वा गड्याच्या हातात आपली बंदूक देऊन "जा, बघून ये" म्हणणं तर अजिबात नको. परवाना आपल्या नावाचा आहे, त्याच्या नावाचा नाही. त्याच्या हाती ती विनापरवाना ठरते.

छर्‍याच्या बंदुकीचं काय, असं पुष्कळजण विचारतात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 0.177 इंचापर्यंत बोअर आणि 20 ज्यूलपर्यंत शक्ती असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण परवाना नको म्हणजे जबाबदारी नको, असं नव्हे. छर्‍याने डोळा जातो.

इथे मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं पोटापाण्यासाठी तिकडे आहेत. खार पश्चिमेला समुद्राकाठी खारदांडा हा जुना कोळीवाडा आहे. घराला घर चिकटलेलं, अरुंद गल्ल्या, पुढे किनारा आणि होड्या. तिथं एखाद्याची गच्ची स्वतःच्या मालकीची असेल. पण तिथून सुटलेला छर्रा दुसऱ्याच्या खिडकीत जाणार. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकार कृत्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आहे, जागा कुणाचीही असो. शिवाय मुंबईत शस्त्र परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला नसून पोलीस आयुक्तांना आहे. गावाकडची बंदूक "सहज दाखवायला" तिकडे नेण्याआधी परवान्यावरचं क्षेत्र वाचावं.

आपलं शिवार खारदांड्यापेक्षा मोकळं दिसतं, पण ते तितकं मोकळं नसतं. उभ्या उसात कोण आहे ते दिसत नाही. हंगामात तोडणीची टोळी फडात असते, बायका मोळ्या बांधत असतात, पोरं पाचटावर निजलेली असतात. .22 ची गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मधे आपला बांध संपतो, दुसऱ्याचा लागतो, वस्तीही लागते. आवाजाच्या रोखाने उसात बार काढणं म्हणजे आंधळ्याने दगड मारणं. आपल्या पिकावर राबायला आलेल्या माणसाला आपलीच गोळी लागली, तर नुकसानीचा हिशेब टनात होणार नाही.

उसात फक्त डुकरंच असतात असंही नाही. जुन्नर भागात बिबटे उसात वाढतात हे सर्वांना ठाऊक आहे. बिबट्या आणि मोर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला कमीत कमी 3 वर्षांची कैद आहे. रानडुकरालाही बंदुकीचा परवाना आहे म्हणून मारता येत नाही. पिकाला धोका असल्यास कलम 11 प्रमाणे वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. पीक खाल्लं असेल तर त्याच दिवशी वन खात्याला कळवून पंचनामा मागावा.

आता पोलीस आले तर काय करायचं? बाराचा आवाज ऐकून कुणी तक्रार केली तर ते येणारच. शस्त्र कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणून वॉरंटाशिवाय चौकशी होऊ शकते. "हे माझं खाजगी रान आहे" एवढ्याने ती थांबत नाही. पहिलं काम म्हणजे बंदूक रिकामी करून खाली ठेवावी, हात दिसू द्यावेत आणि नीट बोलावं. कलम 19 प्रमाणे शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र जप्त करू शकतो. नाव-पत्ता नाकारला वा खोटा सांगितल्याचा संशय आला तर अटक होऊ शकते. म्हणून बंदुकीबरोबर परवाना असलाच पाहिजे. घरच्या पेटीतला परवाना रानात कामाचा नाही.

पण आपलेही हक्क आहेत, ते मागायला लाजू नये. जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागावी. त्यात बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या बरोबर आहे का ते पाहावं. झडतीला परिसरातले दोन स्वतंत्र पंच हवेत, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरणही सांगितलं आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये. अटक केली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील गाठण्याचा हक्क राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाने दिला आहे. पैशाची अडचण असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. परवाना रद्द वा निलंबित झाला तर लेखी कारण मागता येतं आणि कलम 18 खाली अपील करता येतं. मुदत मात्र चुकवू नये.

लग्नाच्या वरातीतला बार तर कायमचा बंद करा. 2019 च्या दुरुस्तीने असा जीव धोक्यात घालणारा गोळीबार वेगळा गुन्हा झाला आहे. त्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पोरांना नेमबाजीची आवड असेल तर ती जरूर जोपासावी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेती झाली. ही आपल्याच ऊसपट्ट्यातली मुलं. पण ती घडली रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. बांधावरच्या डब्याने ते होत नाही.

तेव्हा सभासदांनी एवढं करावं: आजच आपला परवाना पेटीतून काढावा, त्यावरचं कारण, क्षेत्र आणि मुदत वाचावी, आणि टोळी फडात असेल तेव्हा बंदूक घरीच ठेवावी. डुक्कर आज गेलं तर उद्या परत येईल. फडात राबणारा माणूस गेला तर परत येत नाही.