समोरचा काय करेल?

मैत्रिणींनो, १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा काळ. रेडीत हे कोणाला सांगायला नको. पण समजा, एकाने गुपचूप होडी काढली. बाजारात मासळी नाही, त्याला चढा भाव. दुसरा म्हणतो, 'तो जातोच आहे, मग मी थांबून काय मिळवलं?' तोही जातो. दोघांनी आपापलं हित पाहिलं आणि पुढच्या हंगामात दोघांचीही जाळी हलकी.

समोरचा काय करेल हे ताडून आपली चाल ठरवायची, या हिशेबाला अर्थशास्त्रात गेम थिअरी म्हणतात. नाव खेळाचं, गोष्ट पोटाची.

एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या बाई. त्यांनी दाखवलं, की माणसं नियम मिळून ठरवतात, लक्षही स्वतःच ठेवतात, चुकणाऱ्याला आधी थोडा, मग जास्त दंड करतात, तिथे सामाईक धन टिकतं.

आपली रापण बघा. दोर ओढायला सगळे, वाटेही सगळ्यांचे. हात ढिला सोडणारा लगेच दिसतो. खोल पाण्यातला पर्ससीनवाला कोणाला दिसणार? राज्याने २०१६ साली निर्बंध घातले, तरी भांडण धुमसतंच आहे.

बचत गटातही हाच डाव. एकीने हप्ता चुकवला की दुसरीला वाटतं, मीच का भरू? म्हणून पैसे बैठकीत सगळ्यांसमोर मोजावेत आणि अडलेलीने आधी सांगावं. सांगून थांबलेला हप्ता आम्ही चुकलेला धरत नाही.